सात नंबरचे बूट

पलटणीच्या स्टोअरमध्ये मी एकोणीस वर्षं बूट, पट्टे आणि कांबळी वाटली. लहानथोर सगळे मला मामा म्हणायचे. माझ्या रजिस्टरात कधी खाडाखोड नसायची, याचा मला कोण अभिमान! शेवटचा रकाना होता 'माप बरोबर'. तिथं मी सही आधी घ्यायचो, सामान नंतर द्यायचो. काम पटापट उरकायचं.

ड्रायव्हरीण ही आमच्याकडची पहिली बाई. भरलेला ट्रक एका दमात मागे घेऊन शेडमध्ये लावायची. पोरं तोंडात बोटं घालायची आणि लगेच म्हणायची, "घरी भांडी कोण घासतंय मग?" मीही खो खो हसायचो.

तिला पाच नंबरचे बूट लागायचे. माझ्याकडे सातच्या खाली काही नव्हतं.

"मामा, पाच नंबर मागवाल का?"

"अगं, एका बाईसाठी वेगळा कागद कुठे करू? पुढे चिंध्या कोंब, बसतील."

कागद भरायला दहा मिनिटं लागली असती. ती आणखी दोनदा आली. तिसऱ्या वेळी मी शेजारच्या कारकुनाला डोळा मारून म्हणालो, "बाईसाहेबांचे नखरे बघ."

तिला प्रशिक्षक व्हायचं होतं. तोवर एकही बाई झालेली नव्हती. परीक्षेत पाठीवर ओझं घेऊन वीस किलोमीटर ठरल्या वेळेत चालायचं होतं. सतराव्या किलोमीटरला ती खाली बसली. बूट काढले तेव्हा मोजे टाचांना चिकटले होते.

मोठ्या साहेबांनी मला रजिस्टर घेऊन बोलावलं. ती पायांना पट्ट्या बांधून उभी होती.

"बूट मोठे होते, साहेब. मी तीनदा बदलून मागितले."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टर उघडून रकान्यावर बोट ठेवलं. माप बरोबर, पुढे तिची सही. ती सही बूट पायात घालण्याआधीची होती, एवढंच मला सांगायचं होतं. पण मी मूग गिळून बसलो. अहवालात लिहिलं गेलं, बायकांना हे काम झेपत नाही.

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता ही शिव्या घालणार. ती एवढंच म्हणाली, "तुमचं रजिस्टर खरंच स्वच्छ आहे, मामा." पुढच्या महिन्यात तिनं नोकरी सोडली. सामान जमा करताना बूटही दिले. पुढच्या चिंध्या तशाच आत होत्या, कडक झालेल्या. लाज वाटली मला. अजून वाटते.

त्या संध्याकाळी मी तो कागद भरला. चार, पाच, सहा, सगळे नंबर लिहिले. खरंच दहा मिनिटं लागली.

वर्षभराने दुसरी पोरगी भरती झाली. मी तिच्यापुढे पाच नंबरचे बूट ठेवले.

"आधी घालून चालून बघ. सही मग कर."

ती दोन फेऱ्या मारून आली आणि हसली. "मामा, बाईमाणसाचा एवढा विचार कोण करतं हो? तुम्ही देवमाणूस आहात."

तेव्हा तरी सांगायचं होतं. मी रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं आणि दुसऱ्यांदा गप्प बसलो.