किल्लीचे पाच तुकडे, एकच भावकी

आमच्या हळद उत्पादकांच्या कंपनीत सर्व्हरची किल्ली, म्हणजे तो उघडायचा लांबलचक पासवर्ड, पाच तुकड्यांत वाटलेली होती आणि पाचही तुकडे एकाच भावकीत होते. वारंगा फाटा, शिरड शहापूर, साखरा इथल्या वजनकाट्यांचे आणि गोदामांचे सगळे पासवर्ड त्या एका सर्व्हरमध्ये असतात, आणि तो सांभाळायचं काम माझं. तो बंद पडून पुन्हा सुरू झाला की स्वतःला कुलूप लावून घेतो. पाचांपैकी कुणीही तिघांनी आपापला तुकडा टाइप केल्याशिवाय तो उघडत नाही. तोवर काटा वजन दाखवतो, पण पावती निघत नाही, आणि पावतीशिवाय कुणी हळद उतरवत नाही.

एकट्याच्या हातात सगळं जाऊ नये म्हणून ही सोय. पण आमच्या अध्यक्षांनी एक तुकडा स्वतःकडे ठेवला आणि बाकीचे भाऊ, दोन चुलतभाऊ आणि पुतण्याला दिले. चौघेही संचालकच, त्यामुळे बोलायला जागा नव्हती.

अध्यक्षांना सगळे आबा म्हणतात. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला, आणि वसतिगृहात जागा मिळाली ती आबांच्या शिफारशीने. हे मी विसरलो नाही. विसरायची सोयही नव्हती, चार माणसं जमली की ते स्वतःच सांगत. त्यांचा फोन आला की मी खुर्चीतून उठून बोलायचो.

ऐन हंगामात आबांच्या चुलत्याच्या दहाव्याला वीज गेली आणि बॅटरीही उतरली. वीज परत आली तेव्हा सर्व्हरला कुलूप. फाट्यावर ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली आणि पाचही फोन बंद. मी लॅपटॉप पाठीला लावून मोटारसायकलवर कयाधूच्या काठी गेलो. पाचही जण तिथेच होते, मुंडण केलेले. पिंड मांडलेला होता आणि कावळा शिवत नव्हता.

मी हळू आवाजात अडचण सांगितली. आबांच्या भावाने तुकडा टाइप केला, पुतण्यानेही केला. चुलतभावांनी आबांकडे पाहिलं आणि हात मागे घेतले.

"आधी कावळा शिवू दे," आबा म्हणाले. "तुला काहून एवढी घाई? तुझ्या बापाची हळद हाय का तिथं?"

माझ्या बापाची नव्हती. त्या दोघा चुलतभावांतल्या थोरल्याची होती, दोन ट्रॅक्टर. तसं मी सगळ्या भावकीपुढे सांगितलं. तरी चुलतभावांनी लॅपटॉपला हात लावला नाही. कावळा आला तो ऊन डोक्यावर आल्यावर. आबांनी तुकडा दिला तोवर निम्मी रांग बाहेरच्या व्यापाऱ्याकडे वळली होती.

त्यानंतर मी एक स्क्रिप्ट लिहिली. कोऱ्या मशीनवर सर्व्हर उभा करण्यापासून कुलूप उघडण्यापर्यंत सगळं तीच करते. सुरू झाल्यावर सर्व्हर इंटरनेटवरून बाहेरच्या एका सुरक्षित केंद्राला आपली ओळख पटवतो आणि तिथल्या किल्लीने उघडतो. पाच तुकडे तसेच राहतात, पण मोठ्या संकटापुरते. संचालकांच्या बैठकीत मी हे मांडलं.

"म्हंजे आमच्या पाच जणांपेक्षा तुझं मशीन इमानदार?" आबांनी विचारलं.

"मशीनला दहाव्याला जावं लागत न्हाई, आबा."

मला वसतिगृहात कुणी घातलं ते आबांनी माझ्या तोंडून वदवून घेतलं. मग म्हणाले, "आता राजीनामा लिही अन् नीघ."

मी कागद मागितला. तेवढ्यात तेच थोरले चुलतभाऊ बोलले, "थांब रे. आबा, त्या दिवशी माझी हळद उन्हात होती. कावळ्याला ती घ्यायची नव्हती." आणि मला म्हणाले, "करून दाखव."

मी स्क्रिप्ट चालवली, मग सर्व्हरची वायर ओढली आणि परत लावली. चहा यायच्या आत कुलूप उघडलं आणि फाट्याच्या काट्यावरून पावती निघाल्याचा फोन आला. मंजुरी मिळाली. माझी नोकरीही राहिली. आबा भरलेला कप तसाच ठेवून उठले.

आता वीज जाऊन आली की त्यांचा फोन येतो.

"उघडलं का?"

"व्हय आबा, उघडलं."

लगेच फोन बंद. एकदा तरी उघडू नये याची ते वाट पाहतात, आणि ते मला त्यांच्या आवाजात बरोबर ऐकू येतं. त्यांचे उपकार खरे आहेत, मी ते मानतो. पण त्यांच्या फोनला आता मी बसूनच उत्तर देतो.