डीपी मोठी केली तेव्हा

वीज कंपनीत माझं काम अंदाज बांधण्याचं. कुठल्या गावाला पुढे किती वीज लागेल ते ठरवायचं आणि त्या मापाचा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे लोकांच्या भाषेत डीपी, सुचवायची.

हरिहरेश्वरला ताईचं सासर. दाजींची फुप्फुसं निकामी होत चालली होती, म्हणून घरातच ऑक्सिजनचं मशीन आणलं होतं. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की ते बोंबलायला लागायचं आणि ताई हातातलं काम टाकून धावायची. स्टॅबिलायझरनेही हात टेकले होते.

मी स्वतः आळीत फिरलो. पंखे, फ्रिज, पाण्याचे पंप. एसी घेणार का, असं विचारलं तर लोक हसले. "या व्होल्टेजात एसी? पंखा फिरला तरी खूप झालं!" तरी मी जरा ऐसपैस डीपी मंजूर करून घेतली. नोकरी आणि भावाचं कर्तव्य एकाच सहीत उरकलं म्हणून स्वतःवर खूशही झालो.

"आता मशीन गप हाय बघ," ताई फोनवर म्हणाली.

लाइट सुधारली म्हणताच पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांनी एसी बसवले. दुसऱ्या उन्हाळ्यात मशीन पुन्हा बोंबलू लागलं. लोकांचं काही चुकलं नव्हतं. माझ्या तक्त्यात मागणी पावसासारखी आपली आपण येणार होती. इथे ती माझी डीपी बघून आली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

"मग आनखी मोठी आण की," ताई म्हणाली. मला रागच आला. किती मोठी? मी जो आकडा लिहीन, तो लिहिल्यामुळेच खोटा ठरणार होता. तरी प्रस्ताव पाठवला.

तो मंजूर व्हायच्या आत, वैशाखातल्या एका सकाळी दाजी गेले. अंत्यविधी उरकून आम्ही परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आळीत मयत झालं म्हणून शेजाऱ्यांनी खोल्यांतल्या पर्यटकांना परत पाठवलं होतं. एकाही घरात एसी लावलेला नव्हता.

ताई रिकाम्या खाटेशी बसली होती. मशीन बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. पूर्ण व्होल्टेजवर, एकदाही न बोंबलता ते चाललं होतं. दिवसभर कोरडा राहिलेला मी तिथे रडलो.

"बघ," ताई म्हणाली, "आज कसं नीट चाललंय."