लाल कपाटाची किल्ली

नवा माल आला की ताई आधी नखाने लेबलाचा कोपरा उचलून बघायच्या. खाली दुसरं लेबल तर नाही ना? "चिठ्ठी काय, कुणीही चिकटवतं," असं वर म्हणायच्या. माल घेऊन आलेला माणूस उगाचच कानकोंडा व्हायचा.

बडोद्याला मकरपुऱ्यातल्या एका लहान कारखान्यात आम्ही इलेक्ट्रॉनिक सर्किटं बनवायचो. बरीचशी परदेशी जायची. मी तपासणीत होतो, ताई स्टोअरमध्ये. परदेशी मालात शिसं चालत नाही. म्हणून बिनशिशाचा माल हिरव्या कपाटांत, आणि जुनी यंत्रं दुरुस्त करायला लागणारी शिशाची सोल्डर तार एका लाल कपाटात. त्या कपाटाची किल्ली ताईंच्या कमरेला.

ताई बडोद्याच्या जुन्या वाडी भागात राहायच्या. आजोबा बडोदा संस्थानच्या फौजेत पहारेकरी होते, हे त्या अभिमानाने सांगत. कुणी पुरवठादार "भरोसो राखो, बेन" म्हणाला, की उत्तर ठरलेलं: "भरोसा घरी. इथे रिपोर्ट." मी दारात नुसता रेंगाळलो तरी विचारायच्या, "काय हवंय?" अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. चहात माशी पडली तरी ती कुणी टाकली, हे शोधणारी.

एकदा जर्मनीला जाणारा माल खोक्यांत भरायच्या बेतात होता. मी एक सर्किट उजेडात धरलं. बिनशिशाच्या सोल्डरचा टाका जरा मळकट दिसतो, हे टाके मात्र लख्ख चमकत होते. यंत्रावर तपासलं. शिसं! लाल कपाट उघडलं, तर तारेचं एक रीळ गायब.

मग कारखान्याची हवाच बदलली. जो तो दुसऱ्याच्या पिशवीकडे बघू लागला. दुरुस्तीवाले जोडणीवाल्यांवर घसरले, जोडणीवाले स्टोअरवर. "किल्ली तर तिच्याचकडे," अशी कुजबुज ताईंच्या कानावर गेली. त्यांनी सरळ फाटकावर जाऊन पहारेकऱ्यापुढे पर्स उपडी केली. "आधी माझी बघ."

दुपारी त्या एकट्याच डबा उघडून बसल्या होत्या. घास हातातच राहिला. मला हाक मारून म्हणाल्या, "किल्ली मी कमरेची काढते ती फक्त जेवताना. आणि जेवते फक्त हंसाबेनबरोबर. आज ती जेवायला आलीच नाही."

हंसाबेन म्हणजे जोडणीतली सर्वांत जुनी बाई. वर्षानुवर्षं दोघींचा डबा एकत्र. ताईंनी जगात एकाच माणसावर कधी संशय घेतला नव्हता.

आम्ही जोडणीत गेलो. हंसाबेनच्या टेबलाच्या खणात रीळ सापडलं. ती नाकबूल झाली नाही. "मारा हाथ ध्रूजे छे, बेन," म्हणाली आणि थरथरणारे हात पुढे केले. बिनशिशाची तार लवकर वितळत नाही, टाका तिरका पडायचा. काम जाईल या भीतीने ती जुन्या तारेकडे वळली होती.

"मला सांगायचंस ना," ताई म्हणाल्या.

"तमे तो कोईनुं मानो ज नहीं," हंसाबेन म्हणाली. तुम्ही कुणाचं खरं मानताच कुठे?

ताई रीळ उचलून निघाल्या. मालकांच्या खोलीत जाऊन त्यांनी सगळं सांगितलं, काहीही न लपवता. मालक हंसाबेनला काढायला निघाले, तेव्हा म्हणाल्या, "कपाट माझं होतं. काढायचं तर आधी मला काढा."

माल अडला, सगळे टाके पुन्हा घालावे लागले. हंसाबेनला पॅकिंगमध्ये पाठवलं. दुसऱ्या दिवसापासून ती डबा तिकडेच खाऊ लागली. ताई स्टोअरमध्ये एकट्या जेवायच्या, आणि कुणी बोलावलं तर "भूक नाही" म्हणायच्या. हे असंच चाललं, त्या निवृत्त होईपर्यंत.

निरोपाच्या दिवशी आम्ही त्यांना समई दिली. भाषणं झाली. हंसाबेन कुठे दिसली नाही. मी ताईंना सोडायला फाटकापर्यंत गेलो, तर बाहेर एक रिक्षा उभी, आणि आत कोपऱ्यात सरकून हंसाबेन बसलेली. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती.

ताई क्षणभर थांबल्या, मग चढल्या. रिक्षा हलली तेव्हा हंसाबेनने समईचा जड खोका आपल्या मांडीवर ओढून घेतला होता.