दारातला पहिला श्वास

चर्चहून आम्ही दोघी घरी परतताना समुद्राकाठची निम्मी वाट सरली, तेव्हा नेरेइदानं चपला हातात घेतल्या. कितीतरी वर्षं ती मायामीच्या याच किनाऱ्यावरच्या उंच इमारतींमधून बुरशी शोधत फिरते आहे. बंद खिडक्या, अहोरात्र चालणारे एसी. इमारतीच्या मॅनेजरचा फोन आला की तिची तपासणीची पेटी निघते.

तिची रीत ठरलेली. दार उघडलं की उंबऱ्यावर थांबायचं, बोलायचं नाही, एक श्वास घ्यायचा. हवेचे नमुने, भिंतीतली ओल मोजणं, ते सगळं नंतर. चार पावलं आत गेलं की नाक त्या घराचंच होऊन जातं, मग काही सांगत नाही.

"कालचा मॅनेजर म्हणे, बुरशीवर नुसता रंग मारू," ती म्हणाली. "मी म्हटलं, मिशा रंगवून म्हातारा तरुण होतो का रे? आधी स्वतःकडे बघ!"

मी हसले. ती हसली नाही.

कालच्या त्या घरात एका विधवा बाईनं नवऱ्याचे कोट जपून ठेवले होते. सगळ्यांवर बुरशी. "एक तरी ठेवू?" बाईनं हात धरून विचारलं. नेरेइदानं नेहमीसारखंच नाही म्हटलं आणि पिशवीचं तोंड बांधलं.

तिच्या स्वतःच्या खोलीत नवऱ्याचं, रोलांदोचं कपड्यांचं कपाट आहे. तो गेल्यावर सुरुवातीला ती ते उघडून नुसती उभी राहायची. चिरूट, कोलोन, घाम. हल्ली काहीच येत नाही. वास गेलाय की नाक मुर्दाड झालंय, कळत नाही. शिवाय पहाटे खोकला येतो. बुरशी निघालीच तर शर्ट धुवायचे नाहीतर फेकायचे. दोन्हीत तो जाणार. बाहेरून येऊन तिच्या उंबऱ्यावर थांबणारं तर कुणी उरलेलंच नाही; मुलगाही दूर गावी.

"मुलाला सांग ना," मी म्हटलं.

"तो फोनवर हुंगणार का?"

एक लाट आमच्या पावलांपर्यंत येऊन गेली.

"तू चर्चमध्ये रोलांदोच्या मागच्याच बाकावर बसायचीस," ती खाली बघत म्हणाली. "आज वर ये. कॉफी मग. मी कपाट उघडते, तू खोलीच्या दारातच थांब. पहिला श्वास घे. आणि हे बघ, त्याचा वास येतोय का, ते आधी सांग. बुरशीचं मग."