माझ्या गाडीपुढं पळणारा बा

माझ्या फटफटीपुढं माझा बाप पळत होता. डोक्यावर माझीच पिशवी. एका हातानं पिशवी धरलेली, दुसऱ्या हातानं धोतराचा सोगा. पाय अनवाणी. मागं गाडीवर मी, अंगात खाकी पॅंट, डोळ्यांना गॉगल. दोन्ही बाजूंनी गाव बघायला उभं. पाटलाचा पोरगा हातात निरगुडीची ओली शिमटी घेऊन बाच्या बरोबरीनं पळत होता. 'पळ म्हारड्या, पळ. गाडी ढुंगणाला लागंल,' असं म्हणायचा आणि शिमटी पोटरीवर ओढायचा. माणसं हसत होती.

हे कसं झालं ते सांगतो.

गारगोटीच्या पुढं डोंगरात आमचं गाव. लढाईच्या दिवसांत मामानं मला तिथनं उचललं आणि कोल्हापुरात एका मोटार-गॅरेजात कामाला लावलं. तेव्हा मी चड्डीतला पोर. त्यानंतर गावाकडं फिरकलो नाही. आई गेली तेव्हाही नाही. निरोप आला तो माती होऊन गेल्यावर. लढाईनंतर मिल्ट्रीचा माल लिलावात निघाला, त्यातली एक मोडकी फटफटी मालकानं घेतली आणि कोपऱ्यात टाकली. ती मी हळूहळू उभी केली. मालक म्हणाला, तूच वापर. संस्थान खालसा होऊन काही वर्षं झाली होती. राहायला खोली होती, हाताला काम होतं. आता बाला घेऊन यायचं, एवढ्याचसाठी निघालो.

बा गावचा महार. वतनदार म्हणायचे त्याला. म्हणजे साऱ्या गावाचा हक्काचा वेठबिगार. सांगावे पोचवायचे, मेलेली ढोरं ओढायची, लाकडं फोडायची. आणि गावात साहेब आला की त्याचं ओझं डोक्यावर घेऊन त्याच्या घोड्यापुढं पळायचं, पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत. साहेबाला वाट दाखवायची म्हणे. डोंगरात वाट एकच. ती घोड्यालासुद्धा ठाऊक होती.

आमच्या वस्तीला जायला चावडीवरनंच जावं लागतं. चावडीसमोर बैलगाडी आडवी होती, म्हणून थांबलो. त्या गावात तोवर फटफटी आली नव्हती. पोरं धावली, बाप्ये जमले. पाटील पायऱ्या उतरून खाली आला आणि त्यानं मला हात जोडले.

'या सायेब, या. सडकंचं मोजमाप घ्याला आलासा न्हवं? वाट बघून डोळं गेलं आमचं.'

गावानं सडकेसाठी अर्ज केलेला. पॅंटवाला, गॉगलवाला माणूस म्हणजे सडकेचाच. मला कुणी ओळखलं नाही. ओळखणार कसं? लहानपणी त्यांच्यासमोर आमची मान कायम खाली, आणि त्यांनी कधी वाकून बघितलेलं नाही. खुर्ची आली. कपबशीतनं चहा आला. चढण चढून घसा कोरडा पडला होता, घोटभर घेतला. मी कोण ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात पाटलानं आमच्या वस्तीकडं तोंड करून हाक मारली. बा पळत आला.

केस सगळे पांढरे. गुडघ्यांच्या वाट्या वर आलेल्या. पाटलापुढं वाकला, मग माझ्याकडं बघितलं. त्यानं मला बघताक्षणी ओळखलं. डोळे भरले आणि त्यानं मान हलवली. अगदी थोडी. बोलू नको. मी उघडलेलं तोंड मिटलं.

पाटील म्हणाला, 'सायबाचं वझं घे. खिंडीपतोर वाट दाव. गाडीम्होरं पळ.'

बानं पिशवी उचलली. त्या पिशवीत त्याच्यासाठीच आणलेलं नवं धोतर होतं. मी गाडी चालू केली ती एका विचारानं, की गावाबाहेर पडलो की त्याला मागं बसवायचं. तेवढीही वाट गावानं सरू दिली नाही. देवळाच्या वळणावर बाला ठेच लागली. गुडघ्यांवर आपटला, पण पिशवी खाली येऊ दिली नाही. पाटलाच्या पोरानं त्याच्या पाठीवर शिमटी ओढली.

मी उतरलो. शिमटी हिसकावून घेतली आणि त्या पोराच्या तोंडावर ओढली. पुन्हा ओढली. त्याचा कान फाटला, रक्त मानेवर आलं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

'ह्यो माझा बा हाय,' मी म्हणालो.

गावाला समजायला जरा वेळ लागला. एक म्हातारा पुढं येऊन माझ्या तोंडाकडं बघत म्हणाला, 'म्हाराचं प्वार हाय ह्ये. मामानं नेलतं त्ये.' आणि मागनं कुणीतरी म्हणालं, 'आन् आपल्या कपातनं चा प्यालंय की.'

पाटलाच्या पोराचा कान फाटला त्याचं एवढं काही नव्हतं. गाव पेटलं ते कपानं.

मग काठ्या. पाठीवर, दंडावर, नडगीवर. एकानं धोंडा घालून गाडीचा दिवा फोडला. दुसऱ्यानं कुऱ्हाडीनं टाकी फोडली, पेट्रोल धुळीत वाहून गेलं. दोघांनी हात धरले आणि तिसऱ्यानं तोंडात शेण कोंबलं. 'पी, आता ह्यो चा पी.' बा प्रत्येकाच्या पायावर डोकं ठेवत फिरत होता. पाटलानं सगळ्यांना थांबवलं. मला वाटलं, सोडवायला आला. त्यानं आपल्या पायातली वहाण काढून बाच्या हातात दिली.

'तू हाण. तुझंच हाय न्हवं? न्हाईतर सांजच्याला म्हारवाडा जाळतो.'

बानं मला मारलं. लहानपणी कधी बोट लावलं नव्हतं त्यानं. पहिली गालावर, मग डोक्यात, मग मोजलं नाही. मारताना पुटपुटत होता, 'चुकलं म्हण लेका. चुकलं म्हण.' मी त्याचा हात धरला.

'बा, मी चुकलो न्हाई,' मी म्हणालो. 'आन् तूबी चुकला न्हाईस.'

वहाण त्याच्या हातातनं काढून घेतली आणि पाटलाच्या तोंडावर फेकली. पुढचा मार मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा आमच्या झोपडीत होतो. डावा हात मोडलेला, पुढचे दात गेलेले. बा हळद लावत होता. वस्तीतल्या बायापोरांना सगळ्यांनी रानात पाठवलं होतं.

'गप का ऱ्हायला सांगितलंस मला?' मी विचारलं.

बा हळद कालवत बसला. मग म्हणाला, 'पाटील तुला सायेब म्हणत हुता. हात जोडून. म्हणू दे म्हटलं. मी पळल्यानं काय झिजतूय?'

एवढ्या मारात मला रडू आलं नव्हतं. ते तेव्हा आलं. आणि त्याच्या मागोमाग बाचाच राग आला. असा राग की त्याचा हात मी झिडकारला. जन्मभर पळून पळून त्यानं आम्हाला जगवलं, आणि आता माझ्या मानासाठीही त्याला पळण्याशिवाय दुसरं काही सुचलं नाही.

'कोल्हापूरला चल,' मी म्हणालो.

'मी गेलो तर तुझा चुलता पळंल. त्यो गेला तर त्येचं प्वार. हाकंला कुणीतरी लागतंयच की रं.'

हे त्या अडाणी माणसाला ठाऊक होतं. मला नव्हतं. मी फक्त माझा बाप सोडवायला आलो होतो.

पाटलानं सांजेला जाळायला कुणाला पाठवलं नाही. दिवस उगवला आणि चावडीवरनं हाक आली. नाव घेऊन नाही, जातीनं. एवढं सगळं होऊनही गावाला लाकडं फोडून हवी होती. बा उठला. त्याच्या मनात नसेलही, पाय उठले. मी सरपटत गेलो आणि उंबऱ्यावर आडवा पडलो.

'जायाचं असंल तर मला तुडवून जा.'

हाक परत आली, शिव्या घालून आली. समोर चुलता आपल्या दारात येऊन उभा राहिला. तो बाच्याकडं बघत होता. बानं एक पाय उचलला. बराच वेळ उचललेला होता. मग त्यानं तो आतच टेकला आणि भिंतीला धरून खाली बसला. ते बघून चुलत्यानंही दार लावून घेतलं.

दुपारी गाव आलं. आमची घरं जाळली, बाचं सगळ्यांत आधी. विहिरीच्या वाटेवर काटे टाकले, दुकानातलं मीठ बंद केलं. शहाणी माणसं मला सांगतात, जरा दमानं घ्यायचं होतंस. दम आमच्या बापजाद्यांनी पुष्कळ धरला. त्यातनं आम्हाला पोटऱ्यांवरचे वळ तेवढे मिळाले.

मी कोल्हापूरला परत गेलो नाही. जळल्या जागी पुन्हा कूड घातले, मोडक्या हातानं घातले. हाक अजून येते. ज्यांना मारायचं आहे त्यांनी या, मारा. जाळायचं आहे त्यांनी पुन्हा जाळा. परत मार बसला तर ह्या वेळी मीही मारीन. पण ह्या वस्तीतनं कुणाच्या हाकेला कुणी पळत येणार नाही.