वीस पावलांवरचं बटण

आरमोरी गाव सोडलं तेव्हाच ते बटण गाडीच्या खिडकीतून फेकून द्यायला हवं होतं. एवढंसं बटण, पण दाबलं की वीस पावलांवरचा मोबाइल फोटो काढतो. सोबत मोबाइल झाडाला बांधायचा पट्टा आणि पानांच्या नक्षीचं हिरवं कव्हर. आमच्या ह्यांची निवृत्तीनंतरची खरेदी! "हात मोकळे राहतात गं," हे वाक्य मी साताऱ्यापासून ऐकत होते.

कुरखेड्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी धानाच्या रिकाम्या बांध्या (बांध घातलेली शेतं) आणि हवेत मोहाचा गोड, आंबूस वास. पुढच्या एका गावात ह्यांच्या जुन्या सहकाऱ्याची बहीण, शेवंताबाई, राहते. तिच्याकडे उतरलो. जेवायला भात आणि लाखोरीच्या डाळीचे वडे. "लाजता काऊन बाई? घ्या ना आनखी एक," म्हणत तिनं चार वाढले. तिच्या घरचा मोह जंगलात होता, आणि फुलं पडायचे दिवस मोजकेच असतात, हे तिनंच सांगितलं. जंगलातल्या मोहाला कुंपण नसतं, पण कुठलं झाड कुणाच्या घरचं हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. घरच्या बाईनं वेचलं नाही तरी दुसरी कुणी त्याखाली टोपली टेकत नाही.

पहाटे ह्यांनी मोह वेचणाऱ्या बायकांचे फोटो काढायला मला हलवून उठवलं. "कुणाला सांगू नकोस. सांगितलं की बायका सावरून उभ्या राहतात, फोटो खोटा येतो." मी गेले. ह्याचा राग मला अजून येतो.

जंगलात खालची जमीन स्वच्छ झाडलेला एक मोह ह्यांनी पसंत केला. फुलांचा सडा पडला होता. खोडाला मोबाइल बांधून आम्ही झुडपामागे बसलो. थोड्या वेळानं पदर खोचलेल्या दोन बायका टोपल्या घेऊन आल्या आणि झाडापासून दहा पावलांवर थबकल्या. खोडाकडे पाहिलं. पुढचीनं खोचलेला पदर सोडला, डोक्यावरून पुढे ओढला, आणि दोघी आल्या वाटेनं परत गेल्या. तेवढ्यात ह्यांनी तीनदा बटण दाबलं होतं. अंधुक उजेडात चेहरे ओळखू आले नाहीत. पण हाक मारायला चेहरा कशाला लागतो? मी चोरासारखी गप्प बसले.

घरी आलो तर अंगणात शेवंताबाई आणि तिची सून. टोपल्या रिकाम्या.

"आज फुलं नाही पडली?" मी विचारलं.

"पडली ना बाई. पन आमच्या झाडाले जंगलवाल्यांनी वाघ मोजाचा कॅमेरा लावून ठेवला. मांगच्या साली दुसऱ्या झाडाले होता, मले मालूम नाई. लुगडं खोचून वाकली होती मी. तो फोटो कोनं काढून पाठवला देव जाने, बजारात लोकं मोबाइलात पाहून राह्यले होते. आता त्या डोळ्यापुढं वाकनं होत नाई माह्याच्यानं."

ह्यांचा चेहरा पडला. सांगावं मलाच लागलं, "शेवंताबाई, तो आमचा मोबाइल होता."

तिनं रिकामी टोपली भिंतीशी पालथी घातली. मग म्हणाली, "सांगाचं ना जी. घरचेच तर होते तुमी."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ह्यांना मात्र मी तिथंच, तिच्यादेखत, काय वाटेल ते बोलले. दुसऱ्याच्या घरात न विचारता खिडकीतून डोकावणाऱ्याला आमच्याकडे काय म्हणतात, तेही सांगितलं. ह्यांनी तिन्ही फोटो तिच्यासमोर पुसले. झाडाकडे धावलो, तर खाली गावची गुरं होती. फुलं खाऊन, तुडवून संपली होती.

साताऱ्याला परतल्यापासून जो तो म्हणतो, "फोटो दाखवा." हे माझ्याकडे बघतात. बटण कुठे टाकलं ते मी त्यांना सांगितलेलं नाही. मला आठवते ती निघायच्या दिवशीची सकाळ. शेवंताबाईबरोबर मीही मोहाखाली गेले होते. वाकण्याआधी तिनं खोडाभोवती चक्कर मारली, साल हातानं चाचपली. "काही नाही हो आता," मी म्हटलं. तिनं मान हलवली.

आमचे हात मोकळे राहावेत म्हणून ते यंत्र घेतलं होतं. शेवंताबाई त्या सकाळी एकाच हातानं फुलं वेचत होती. दुसऱ्या हातात पदर धरलेला होता.