सरांची रेसकार

बोर्डाच्या परीक्षेची ड्युटी करताना माझ्या उजव्या पायाचं हाड मोडलं. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा छातीशी धरून शाळेचा जिना उतरत होते. शेवटची पायरी आली असं वाटलं, पण ती शेवटची नव्हती. गणिताच्या बाईंना पायऱ्या मोजता आल्या नाहीत, हा विनोद पुढचे दोन महिने भेटायला येणाऱ्या प्रत्येकानं मला ऐकवला. तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचलाय, असं प्रत्येकाला वाटत होतं.

प्लास्टर घालून घरी आले तेव्हा मध्य प्रदेशातल्या आमच्या सौसरमध्ये उन्हाळा चांगलाच तापला होता. पायाखाली ठेवायला उशी हवी म्हणून आमचे हे कपाटावर चढले आणि उशीबरोबर एक भलामोठा खोकाही खाली आला. तो आमच्या मुलानं कॉलेजात असताना मागवला होता. पुढे मुलगा पुण्याला नोकरीला लागला आणि खोका उघडायचा राहून गेला. वर एका जुन्या विलायती रेसकारचं चित्र होतं. एका माणसापुरती, लांबट, हिरवीगार गाडी. आत प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले शेकडो सुटे भाग, काही तर मोहरीएवढे. ते जोडून खऱ्या गाडीच्या बाराव्या हिश्श्याची हुबेहूब प्रतिकृती करायची. खरी गाडी म्हणे इतकी हलकी होती की चार माणसांनी उचलून बाजूला ठेवावी. बनवणाऱ्यानं तिच्यातून जे जे काढता येईल ते ते काढून टाकलं होतं.

"खेळणं आहे," हे म्हणाले. "फेकू का?"

"ठेवा इथं," मी म्हटलं. "मी दिवसभर करू काय?"

आमचे हे कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतात. माणूस मनानं चांगला आणि बोलायला त्याहून चांगला. कोणत्याही विषयावर तासभर बोलू शकतात, विषय माहीत नसला तर दीड तास. हातांचं मात्र देवानं काही लक्षात ठेवलं नाही. आमच्या घरी बल्ब बदलायचा झाला तर स्टुलावर मी चढते आणि हे खालून स्टूल धरतात. तेही सूचना देता देता मध्येच सोडतात.

पहिल्या आठवड्यात मी स्वतःची दोन बोटं एकमेकांना चिकटवली, इंजिनचा एक भाग उलटा बसवला आणि गाडीच्या सांगाड्याची एक नळी चक्क केरात गेली. माहितीची पुस्तिका जपानीत होती, पण आकृत्या वाचता येत होत्या. आयुष्यभर भूमिती शिकवल्याचा तेवढा उपयोग झाला. मग हात बसत गेला. भरतकामाची सुई, भुवयांचा चिमटा, नखं घासायची कानस, टूथपिक एवढी माझी अवजारं. इंजिनच्या तारांना शिलाई मशीनचा काळा दोरा लावला. सीटच्या पट्ट्या जुन्या साडीच्या काठातून कापल्या. स्टिअरिंगला गुंडाळायला फाटक्या पर्सचं चामडं पातळ सोलून घेतलं. पेन्सिलीचं शिसं घासून धुराच्या नळीवर चोळलं तर ती खरंच जळाल्यासारखी दिसायला लागली. त्या दिवशी मी एकटीच हसले.

एकच अडचण होती, कूलर. तो चालू केला की मोहरीएवढे भाग टेबलावरून उडायचे. मी काम करायची तेवढा वेळ कूलर बंद. आमचे हे दुसऱ्या खोलीत बनियन भिजवून बसायचे, पण तक्रार केली नाही, हे सांगायला हवं. पाय बरा होईपर्यंत चहा करायचं कामही त्यांनीच घेतलं होतं. चहा उतू जायचा, पण यायचा.

आता लोक. पाय मोडला की भेटायला यावंच लागतं, आणि आलं की टेबलावरची गाडी दिसायचीच. सगळ्यात आधी शेजारच्या काकू आल्या. त्यांनी पायाकडं एकदा बघितलं आणि गाडीकडं दहा मिनिटं.

"बाई गं! सरांच्या हातात काय कला आहे वो!"

"काकू, ती मी करून राहिले," मी म्हटलं.

काकू हसल्या. पायऱ्यांच्या विनोदासारखाच हाही एक विनोद, अशा भावानं हसल्या. तेवढ्यात हे चहाचा ट्रे घेऊन आले. काकू कळवळल्या. "अन् वरतून चहाही सरच करतात? किती करावं एका माणसानं!"

"नाही हो, मी कुठं," हे म्हणाले. "सगळं हिचंच काम आहे."

खरं तेच बोलले. पण इतक्या नम्रपणे बोलले की काकूंची उरलीसुरली शंकाही फिटली.

मग हे रोजचंच झालं. यांचे बँकेतले मित्र आले, शाळेतल्या बाया आल्या, काकूंची तिगावची बहीण तर पाय न बघता थेट गाडीच बघायला आली. सगळ्यांचं एकच, "सर, कमाल केली." आणि यांचं उत्तर आठवड्यागणिक आखडत गेलं. आधी "सगळं हिचंच काम आहे." मग "हिची फार मदत असते." मग "चालू आहे आपलं काहीतरी." शेवटी उत्तर गेलं आणि नुसतं हसू राहिलं. मी हे सगळं बघत होते. हातात चिमटा आणि चिमट्यात एखादा स्क्रू असला की माणसाला भांडताही येत नाही.

पुस्तिकेचं भाषांतर मी मोबाइलवर करून घ्यायची आणि मोठ्यानं वाचायची. ते यांच्या कानावर पडायचं. एक दिवस कॉलेजातले दोन प्राध्यापक आलेले असताना बाहेरच्या खोलीतून यांचा आवाज आला, "वजन हा वेगाचा शत्रू आहे! जे अनावश्यक आहे ते काढून टाका. हा निव्वळ गाडीचा नाही, शासनव्यवस्थेचाही सिद्धांत आहे!" प्राध्यापक वाहवा करून राहिले होते. मी दारातून डोकावले. हे वाक्य बोलताना यांचा एक हात स्वतःच्या पोटावर होता आणि दुसऱ्या हातात तिसरा समोसा.

लोधीखेड्याहून माझी नणंद आली. तिनं गाडी बघितली, भावाकडं बघितलं आणि मला बाजूला बोलावलं. म्हणजे माझीच खुर्ची ओढून बाजूला नेली.

"वहिनी, राग नको मानू. पण दादाचे डोळे पहाय किती लाल झाले. एवढं बारीक काम करून राहिला तो. तू घरीच बसली आहे, तर त्याले थोडीशी मदत करत जा ना."

"काय मदत करू?"

"आता ते मले काय माहीत! सुईत दोरा ओवून दे."

दादाचे डोळे दुपारी झोपून उठल्यामुळे लाल होते. मी म्हटलं, "बरं, देईन ओवून."

त्या दिवशी मात्र मला रडू आलं. नणंदेच्या बोलण्याचं नाही, ती बिचारी भोळी आहे. हे दोन हातांवर बसून सगळं ऐकत होते आणि एक शब्द बोलले नाहीत, त्याचं आलं. पुढचे आठ दिवस मी गाडीला हात लावला नाही. हे रोज टेबलापाशी यायचे, बघायचे आणि विचारायचे, "थांबलं का काम?" जणू काही कंत्राटदाराला विचारून राहिले!

प्लास्टर निघालं आणि मी परत कामाला लागले. चाकांना तारेचे आरे बसवले, हिरव्या रंगाचे चार हात दिले, पाण्यात भिजवून नंबराचं स्टिकर चिकटवलं. गाडी झाली. इतकी सुंदर झाली की शिक्षकी पेशाला न शोभेल इतक्या वेळा मी तिच्याकडं बघायची.

आणि पांढुर्ण्याहून पत्र आलं. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून तिथं दर महिन्याला कशाचं तरी उद्घाटन असायचं. त्याच उत्साहात एका हौशी मंडळानं हस्तकलेचं प्रदर्शन भरवलं होतं आणि सरांच्या रेसकारची कीर्ती तिथवर पोचली होती. निमंत्रण यांच्या नावानं. सोबत फॉर्म. तो यांनी भरूनही टाकला.

"नाव कोणाचं लिहिलं?" मी विचारलं.

"माझं. म्हणजे... आपल्या घराचं."

"घराचं नाव तुमचं आहे का?"

"अवो, निर्मात्याच्या नावाला रकानाच एक आहे!"

"मग त्या एका रकान्यात माझं का नाही आलं?"

तीस वर्षं पोरांना संविधानातला समतेचा हक्क शिकवणारा माणूस उठला आणि कूलरमध्ये पाणी किती आहे ते बघायला गेला.

मला फॉर्म फाडता आला असता. नाही फाडला. खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं, हा माणूस जातो कुठपर्यंत.

संत्र्याच्या पेटीत तणीस, म्हणजे वाळला पेंढा, भरून त्यात गाडी ठेवली आणि आम्ही निघालो. पेटी यांनी मांडीवर घेतली. स्पीडब्रेकर आला की हे पेटी उचलून धरायचे आणि तो गेला की पुन्हा टेकवायचे. वाटेतल्या एका गावात दोन स्पीडब्रेकर लागोपाठ निघाले, दुसऱ्याला यांनी पेटी आधीच टेकवली होती. हॉलवर पेटी उघडली तर पुढचं एक चाक आडवं पडलेलं. चाक धरणारी काडीएवढी दांडी निखळली होती.

यांचा चेहरा पांढराफटक झाला. "आता कसं?"

"निर्माते तुम्ही आहात," मी म्हटलं.

यांनी पडलेलं चाक बोटानं उभं केलं, ते पुन्हा आडवं झालं. मला दया आली. पर्समधून चिमटा, गोंद आणि सुई काढली आणि टेबलाशी बसले. श्वास रोखून दांडी खाचेत बसवत होते तेव्हा मागं कोणीतरी येऊन उभं राहिलं. भोपाळहून आलेले प्रमुख पाहुणे, निवृत्त इंजिनिअर. माझं काम होईपर्यंत ते शांतपणे बघत राहिले. चला, मी मनात म्हटलं, एका तरी माणसानं डोळ्यांनी बघितलं.

"वाह, मॅडम," ते म्हणाले. "सर की मदद कर रही हैं? बहुत अच्छी बात है."

कार्यक्रम सुरू झाला. यांना स्टेजवर बोलावलं, खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. यांच्या खिशात वजन आणि शासनव्यवस्था यांच्यावरचं भाषण होतं, ते मला माहीत होतं. पण माइक हातात येण्याआधीच पाहुण्यांनी विचारलं, "सर, एक बात बताइए. वो अगले पहिये की डंडी इतनी बारीक है, उसे बिठाया कैसे?"

हे उभे राहिले. गर्दीत मला शोधलं. यांना काहीही सांगता आलं असतं आणि लोकांनी ऐकलं असतं. यांनी एकदा घसा साफ केला.

"मला माहीत नाही," हे म्हणाले. "ही गाडी मी केलेली नाही. माझ्या बायकोनं केली आहे, पहिल्या स्क्रूपासून. मी चहा केला, अन् तोही नीट नाही. इतके दिवस लोक मला नावाजून राहिले होते आणि मी ऐकून घेत होतो. माझं चुकलं."

मी हातातला चिमटा पर्समध्ये ठेवला. आणि मग टाळ्या सुरू झाल्या. थांबेचनात. लोक उठून उभे राहिले. मंडळाच्या सचिवांनी माइक ओढून घेतला.

"मित्रांनो, याला म्हणतात मोठं मन! एवढी मेहनत स्वतः करून सगळं श्रेय पत्नीला! आजच्या काळात असा पती कुठं पाहायला मिळते?"

"अहो नाही, खरंच तिनं—" हे म्हणाले.

"पहा, पहा! अजूनही!" सचिव म्हणाले आणि टाळ्या आणखी वाढल्या.

मलाही स्टेजवर बोलावलं. शाल एकच होती, ती यांच्या अंगावर. मला गुलाबाचं फूल दिलं आणि फोटोसाठी यांच्या थोडं मागं उभं केलं. पाहुण्यांनी मला सांगितलं की मी नशीबवान आहे.

परतीच्या वाटेवर यांनी दोन्ही स्पीडब्रेकरना पेटी उचलून धरली. मग म्हणाले, "मी खरं सांगितलं ना?"

"सांगितलं."

"मग?"

मला हसू फुटलं. आधी थोडं, मग आवरेना. हेही हसायला लागले, मग शाल काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. त्या उन्हाळ्यात शालीचं मी करणार काय होते, पण घेतली.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात यांचा फोटो आला. सोबत माझं कोपरही आलं होतं. नणंदेनं फोन करून यांचं अभिनंदन केलं आणि मला विचारलं, "दादाची दृष्ट काढली का?"

त्यानंतर यांनी एक हट्ट धरला. गाडीला एक आरसा लावायचा मी मुद्दाम बाकी ठेवला होता, कारण तो फारच नाजूक होता. "हा मला करू दे," हे म्हणाले. मी दिला. नऊ दिवस लागले. बोटं चिकटली, चष्म्यावर रंग उडाला, कूलर यांनी स्वतः बंद केला. आरसा लागला, पण तिरपा. ड्रायव्हरला मागचा रस्ता सोडून आकाश दिसेल असा. मी तो तसाच राहू दिला.

गाडी आता दिवाणखान्यात काचेच्या पेटीत आहे. येणारे वाकून वाकून बघतात, वाहवा करतात आणि मग त्यांची नजर आरशावर जाते. परवा काकूंनी त्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडं प्रेमानं बघून म्हणाल्या, "हा तेवढा तुम्ही लावला असेल, नाही का वो?"

"नाही नाही काकू," हे स्वयंपाकघरातून ओरडले, "तो आरसाच तेवढा माझा आहे!"

"पहा बाप्पा," काकू मला म्हणाल्या, "किती सांभाळून घेतात तुम्हाले."